वर्गातील एआयचा नियम आणि त्यामागचे विज्ञान

विश्वामित्री नदी वडोदरा शहराच्या मधून वाहते आणि तिच्या पात्रात मगरी आहेत, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 2024च्या ऑगस्टमधील पुरात त्या वस्तीत शिरल्या, तेव्हापासून तर घरोघरी त्यांच्याविषयी बोलले जाते. म्हणून द्वितीय वर्षाच्या प्राणिशास्त्राच्या वर्गाला मी मगरीच्या प्रजननावर दोन पानांचे टिपण लिहायला सांगितले. आलेल्या टिपणांपैकी आठ-नऊ टिपणांत असे स्वच्छ इंग्रजीत लिहिले होते की मादी पालापाचोळा आणि चिखल यांचा ढीग रचून त्यात अंडी घालते. ही सवय खाऱ्या पाण्यातील मगरीची. आपल्या नदीतील मगर काठाच्या मातीत किंवा वाळूत खड्डा खणते आणि अंडी त्यात पुरते. सगळ्यांची चूक एकच होती आणि वाक्येही बरीचशी सारखी होती, त्यामुळे ती कुठून आली हे शोधायला फार वेळ लागला नाही.

सत्राच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिले होते, ‘असाइनमेंटसाठी एआय वापरू नये.’ नियम एका ओळीचा होता आणि त्याचे कारण मी सांगितले नव्हते. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वांसाठी खुले झाल्यापासून असे एका ओळीचे नियम अनेक महाविद्यालयांत लिहिले गेले आहेत. ज्या विद्यार्थ्याच्या फोनमध्ये शोधयंत्रही आता एआयने लिहिलेले उत्तर आधी दाखवते, त्याला या ओळीतून नेमके काय वर्ज्य आहे, हे कळतच नाही. शुद्धलेखन तपासणे चालेल का? अवघड उतारा सोपा करून मागितला तर? नियम मोडला जातो तो बहुधा या धूसर जागेत, आणि ती जागा शिक्षकानेच मोकळी सोडलेली असते.

कारण सांगायचे तर आधी हे यंत्र काय करते, ते सांगावे लागते. चॅटजीपीटीसारख्या साधनांमागची भाषेची प्रारूपे (मॉडेल) मजकुराचे छोटे तुकडे करतात; त्या तुकड्यांना टोकन म्हणतात. आतापर्यंत आलेल्या टोकनांनंतर कोणते टोकन येण्याची शक्यता किती, याचा हिशेब करून ती एकेक तुकडा पुढे जोडत जातात. हा हिशेब प्रचंड मजकुरावर झालेल्या प्रशिक्षणातून येतो. ‘मगर’, ‘अंडी’ आणि ‘घरटे’ हे शब्द ज्या मजकुरात एकत्र आले, त्यात ढिगाचे वर्णन पुष्कळदा आले असेल, तर उत्तरातही ढीगच येण्याची शक्यता वाढते, मग प्रश्न कोणत्याही जातीच्या मगरीविषयी असो. वाक्य ओघवते असणे आणि वाक्य खरे असणे या दोन गोष्टींचा इथे थेट संबंध नाही. न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीही न झालेले निवाडे न्यायालयापुढे आधार म्हणून मांडले आणि 2023च्या जूनमध्ये त्यांना 5,000 डॉलरचा दंड झाला. संदर्भसूचीतील शोधनिबंधांच्या बाबतीतही हाच धोका आहे. मराठीत किंवा गुजरातीत प्रश्न विचारला तर अधिक जपावे लागते, कारण प्रशिक्षणाच्या मजकुरात या भाषांचा वाटा इंग्रजीच्या मानाने फार लहान आहे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तिच्यामुळेच मी नियम पुन्हा लिहायला बसले. त्या टिपणांच्या वेळी मी एआयचा मजकूर ओळखणाऱ्या एका संकेतस्थळावर सगळी टिपणे घातली. त्याने दोषी ठरवलेल्या टिपणांपैकी एक अशा मुलीचे होते, जी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि इंग्रजी जपून, छोट्या वाक्यांत लिहिते. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावले. ती म्हणाली, “मॅडम, हे मीच लिहिलंय,” आणि पिशवीतून रफ वही काढून माझ्यासमोर ठेवली. तीन पाने खोडाखोडीने भरली होती. एका समासात शब्दकोशातून उतरवलेले अर्थ होते आणि खड्ड्याचे एक छोटे चित्रही होते. मगरीचे घरटे तिने बरोबर लिहिले होते, हे माझ्या लक्षात तेव्हा आले. मी तिची क्षमा मागितली, पण वर्गातल्या इतरांनी तिला स्टाफरूममध्ये जाताना पाहिले होते आणि ते काही मला पुसता आले नाही.

असे का होते, याचे उत्तर स्पष्ट आहे. एआयचा मजकूर ओळखणारी अशी अनेक साधने मजकूर किती अपेक्षित आहे, हे मोजतात. पुढचा शब्द सहज ओळखता येत असेल, तर तो यंत्राने लिहिला असावा, असा त्यांचा तर्क असतो. पण ज्याची शब्दसंपत्ती मर्यादित आहे, असा माणूसही अपेक्षित शब्दच वापरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील 91 निबंध सात साधनांना तपासायला दिले. माणसांनीच लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी 60 टक्क्यांहून अधिक निबंध साधनांनी एआयचे ठरवले, तर अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांविषयी त्यांचे उत्तर बहुतांशी बरोबर आले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच 2023च्या जानेवारीत असे एक साधन काढले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयच्या मजकुरापैकी 26 टक्केच ओळखला आणि माणसाच्या मजकुरापैकी 9 टक्के चुकीने एआयचा ठरवला. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते मागे घेतले गेले. ज्या शहरात अर्धाअधिक वर्ग घरी मराठी, गुजराती किंवा हिंदी बोलतो आणि परीक्षा इंग्रजीत देतो, तिथे अशा साधनाच्या आकड्यावर कुणाचे अंतर्गत गुण कापणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

यातच एक गोंधळ विद्यार्थी हमखास करतात. “दहा टक्क्यांपर्यंत चालतं ना?” असे ते विचारतात. हा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीतला आहे. तो प्रबंध आणि शोधनिबंध यांतील साम्यापुरता आहे, आणि त्या नियमावलीतून असाइनमेंट व उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत. शिवाय साम्य मोजणारे साधन आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी तुमचा मजकूर जुळवून पाहते. एआयचे वाक्य नव्याने जुळवलेले असल्यामुळे त्याचे साम्य शून्यही निघू शकते. एक साधन जुळणी करते आणि दुसरे अंदाज बांधते, एवढा फरक वर्गात एकदा सांगितला की पुष्कळ प्रश्न मिटतात.

मग नियम कशावर उभा करायचा? माझ्या मते, त्या कामातून विद्यार्थ्याच्या डोक्यात काय घडावे अशी अपेक्षा आहे, त्यावर. स्मरणशक्तीच्या अभ्यासात हे जुने ज्ञान आहे की वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिले, तर ते अधिक टिकते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे विद्यार्थ्यांवर तपासले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे शिकताना जे जड जाते, त्याचाच उपयोग होत असतो, आणि ते जड जाणे एआय अलगद काढून घेते. तुर्कस्तानातील सुमारे 1,000 माध्यमिक विद्यार्थ्यांवर गणितात झालेल्या प्रयोगात हे आकड्यांत दिसले. नेहमीसारखा एआय हाताशी असलेल्यांचे सरावातील गुण 48 टक्क्यांनी वाढले, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा त्यांचे गुण एआय कधीच न मिळालेल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी कमी आले. याच प्रयोगात एका गटाचा एआय उत्तर न देता फक्त इशारे देईल, असा बांधला होता. त्या गटाचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही. हा प्रयोग मी वर्गात फळ्यावर आकडे मांडून सांगते, कारण ‘वापरू नका’ असे ऐकून न थांबणारी मुले हे ऐकून थांबतात आणि विचार करतात.

आता माझ्या प्रत्येक कामाच्या कागदावर एआयविषयी दोन-तीन ओळी स्वतंत्र असतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधील निरीक्षण आणि आकृती यांसाठी एआय पूर्ण वर्ज्य आहे, कारण डोळ्यांना पाहायला शिकवणे हेच त्या कामाचे प्रयोजन आहे. उजळणीसाठी एआयकडून प्रश्न काढून घेणे चालते. टिपणात भाषेची दुरुस्ती चालते, मात्र कोणते साधन कशासाठी वापरले, हे शेवटी लिहायचे आणि रफ मसुदा जोडायचा. शंका आली तर मी पाच मिनिटे तोंडी विचारते. साधनाचा आकडा हा पुरावा मानत नाही. सहविद्यार्थ्यांची माहिती, रुग्णाचे तपशील किंवा दुसऱ्याचे अप्रकाशित लेखन यंत्रात घालायचे नाही, हा नियम मात्र सगळ्या कामांना लागू आहे.

या वर्षी कागद वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, “मॅडम, विचार माझे, मराठीत लिहिलेले, आणि इंग्रजी एआयने केलं, तर?” आम्ही वर्गात यावर बराच वेळ बोललो. माझ्या विषयात प्राणिशास्त्राची परीक्षा असते, म्हणून मराठी मसुदा सोबत जोडला तर चालेल, असे मी सांगितले. इंग्रजीच्या तासाला तेच काम विद्यार्थ्याचे स्वतःचे असायला हवे, म्हणून तिथे उत्तर उलटे असू शकते आणि ते त्या मॅडमनाच विचारले पाहिजे. पुढच्या आठवड्यात तिने दोन्ही मसुदे आणून दिले. मराठीत तिने मगर आणि सुसर यांची तुलना केली होती, आणि इंग्रजीत यंत्राने दोघींना एकच नाव दिले होते. तिने ते प्रत्येक ठिकाणी लाल पेनाने खोडले होते, सुसरीचे योग्य नाव वर लिहिले होते आणि समासात टीप दिली होती की सुसरीचा जबडा लांब व निमुळता असतो आणि विश्वामित्रीत दिसते ती मगरच.