मिठागरापासून लोट्यापर्यंत : केमिकल इंजिनिअरिंगची पार्श्वभूमी

बारावीचा निकाल लागला की खेड-चिपळूणकडे घरोघरी तोच विषय निघतो. पोराला केमिकलला घालायचं का? वडील म्हणतात, लोट्याची केमिकल कारखान्यांची वसाहत जवळ आहे, नोकरी मिळेल. आजी म्हणते, त्या वासात नको. मी स्वतः लोट्यात नोकरी केली आहे आणि दोघांचंही म्हणणं मला खरं वाटतं. नोकरी आणि वास एकाच शास्त्राच्या पोटी कसे आले, हे समजायचं तर सुरुवात मिठापासून करावी लागते.

उरण-पेणच्या मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असलेलं हे पाणी उन्हात आटत जातं. आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं. पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या बोमे मोजणीवर ते पंचविशीच्या आसपास आलं की मीठ धरायला लागतं. तिशीजवळ गेलं की उरलेलं पाणी सोडून द्यायचं, कारण आता त्यात मॅग्नेशियमचे क्षार दाटलेले असतात आणि ते उतरले तर मीठ कडू होतं. कशानंतर काय खाली बसतं हे ओळखून हवा तेवढाच माल उचलायचा, हे काम आगरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. कॉलेजात याच कामाला फ्रॅक्शनल क्रिस्टलायझेशन म्हणतात.

युरोपातला रासायनिक उद्योगही मिठावरच उभा राहिला. 1791 मध्ये निकोला लब्लाँ या फ्रेंच माणसाने मिठापासून धुण्याचा सोडा करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. साबण, काच, कापड, सगळ्यांनाच सोडा हवा होता. त्याची पहिली पायरी म्हणजे मिठावर सल्फ्युरिक ॲसिड ओतायचं. त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटायचा आणि चिमणीतून निघून थेट आसपासच्या गावांवर उतरायचा. इंग्लंडात सेंट हेलन्स, विड्नेस या भागात झाडं जळाली, पिकं गेली. कारखान्यांभोवती गंधकाच्या गाळाचे ढीग साठले, त्यांना कुजक्या अंड्यांचा वास यायचा. अखेर 1863 मध्ये तिथल्या पार्लमेंटने अल्कली ॲक्ट केला : या वायूपैकी 95 टक्के कारखान्यातच अडवला पाहिजे. उपाय माहीत नव्हता असं नाही. विल्यम गॉसेजने 1836 मध्येच कोक भरलेला मनोरा बांधला होता. खालून वायू वर चढायचा, वरून पाणी झिरपायचं आणि वायू त्यात विरघळायचा. कायदा आल्यावर असे मनोरे सक्तीने उभे राहिले आणि अडवलेल्या ॲसिडपासून पुढे ब्लीचिंग पावडर करून विकायला कारखानदार शिकले. आपल्याकडच्या प्लांटमधला वायू धुऊन काढणारा स्क्रबर हा याच मनोऱ्याचा वंशज.

हा कायदा पाळला जातो की नाही ते तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांपैकी एक होता जॉर्ज डेव्हिस. एकामागून एक कारखाने पाहताना त्याच्या लक्षात आलं की माल कुठलाही असो, आतली कामं तीच आहेत : तापवणं, आटवणं, गाळणं, विरघळवणं, ऊर्ध्वपातन. ही कामं नीट शिकलेला माणूस कुठल्याही कारखान्यात उभा राहू शकेल. 1887 मध्ये त्याने मँचेस्टरला यावर बारा व्याख्यानं दिली आणि 1901 मध्ये त्याचा ग्रंथ आला. दरम्यान 1888 मध्ये अमेरिकेत एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेने या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. 1915 मध्ये आर्थर लिटलने या मूळ कामांना ‘युनिट ऑपरेशन’ हे नाव दिलं. काजूच्या बोंडांच्या रसाची भट्टी लावणं, कोकमाच्या बिया कुटून-उकळून भिरंडेल काढणं, खोबऱ्याचा घाणा, ही सगळी युनिट ऑपरेशनंच. शिकवताना पुस्तकातल्या उदाहरणाआधी भट्टी दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

या शास्त्राचा पहिला शिक्षक प्रदूषण तपासणारा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे ती क्वचितच कुणी सांगतं.

पुढची मोठी उडी खताची. फ्रिट्झ हाबरने 1909 मध्ये प्रयोगशाळेत हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करून दाखवला. तो टनांनी करण्याची जबाबदारी कार्ल बॉशवर आली, आणि त्याच्या पोलादी नळ्या काही दिवसांतच फुटू लागल्या. तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बन खात होता. बॉशने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रं ठेवली, म्हणजे झिरपलेला वायू तिथून निघून जाईल. 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला. तीच अभिक्रिया 1985 पासून अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात चालू आहे. 1974 मध्ये मुंबई हायला तेल आणि वायू सापडला, तो वायू उरणला किनाऱ्यावर आला आणि त्यातल्या हायड्रोजनपासून आपल्या भाताच्या युरियाची सोय झाली.

भारतात या विषयाचं शिक्षण 1921 मध्ये बंगालात हिरालाल रॉय यांनी सुरू केलं. मुंबईत 1933 मध्ये यूडीसीटी हा विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला, आजची आयसीटी. मनमोहन शर्मांसारखे शिक्षक तिथे झाले. मूळचे गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तिथेच शिकले. लोट्यात कारखाना काढणारे केकी घरडाही तिथलेच विद्यार्थी. कोकणच्या मुलांना मात्र 1989 मध्ये लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ होईपर्यंत या शिक्षणासाठी घर सोडून मुंबई-पुणंच गाठावं लागे.

कारखाने त्याआधीच आले होते. 1960 च्या सुमारास पनवेलजवळ हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी आली आणि त्या परिसराचं नावच रसायनी पडलं. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग तारापूर, तळोजा, रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुराम. कारणं साधी : मुंबई जवळ, मागास भागाच्या सवलती, वाशिष्ठीत बारमाही येणारं कोयनेचं अवजल म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, आणि सांडपाणी सोडायला खाडी. या शेवटच्या सोयीची किंमत दाभोळ खाडीतले भोई आणि खारवी मोजत आले आहेत. मेलेले मासे पाण्यावर आले की ओरड होते, नमुने जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

मी ज्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर होतो तिथे रोज सकाळी एक लिटरच्या काचेच्या नळीत गाळ-पाणी भरून अर्धा तास ठेवायचो. सगळं ठीक असेल तर तपकिरी गाळ शांत खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. रात्री एखादी खारट बॅच सांगितल्याशिवाय सोडलेली असली की सकाळी नळी गढूळच. सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू मिठाने मेलेले असत, आणि ते पुन्हा वाढवायला आठवडे लागत. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं ऑक्सिजनवर मोजलेलं माप, लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आत आणायचा नियम कागदावर सोपा दिसतो.

म्हणून खारट पाणी आता वेगळं काढून मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरमध्ये आटवतात. पहिल्या भांड्यातल्या पाण्याची वाफ दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्यातलं पाणी उकळवते, दुसऱ्याची तिसऱ्यातलं. ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकन कृष्णवर्णीय इंजिनिअरने 1840 च्या दशकात उसाच्या रसासाठी काढली. इंधन वाचलं, आणि उघड्या कढयांवर भाजणारे गुलामांचे हातही.

पुढचा रस्ता काय? 1984 च्या भोपाळनंतर एक धडा सगळ्यांना पटला, तो ट्रेव्हर क्लेट्झ हा ब्रिटिश इंजिनिअर आधीपासून सांगत होता : जे साठवलेलंच नाही ते गळत नाही. हजारो लिटरच्या रिॲक्टरऐवजी बारीक नळ्यांतून सतत वाहत होणाऱ्या अभिक्रिया याच वाटेने आल्या. नायट्रिक ॲसिडने होणाऱ्या नायट्रेशनसारखं भडकणारं काम त्यात मूठभर मालावर चालतं, आणि लोट्यासारख्या ठिकाणी याची सर्वांत जास्त गरज आहे. 2023 च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजनचं लक्ष्य ठेवलं आहे. थळसारख्या कारखान्याचा कच्चा मालच त्यामुळे बदलू शकतो. काजूच्या टरफलातलं तेल, जे सोलणाऱ्या बायकांचे हात काळे करतं, त्यातून ब्रेक लायनिंगची आणि रंगांची रेझिनं होतात. त्यावरचं काम कोकणातच व्हावं. नाणारच्या तेल रिफायनरीची जमीन अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली आणि 2023 मध्ये त्याच रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर चाललेल्या माती परीक्षणालाच लोक आडवे झाले. त्यामागे खाडीकाठचा हा सगळा अनुभव आहे, आणि तो धुडकावून नवा प्रकल्प आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इव्हॅपोरेटरच्या तळाशी शेवटी मीठच उरतं. सेंद्रिय घाणीमुळे ते विकता येत नाही, म्हणून पोत्यांत भरून तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पुरायला जातं. उरण-पेणची मिठागरं तिथून फार लांब नाहीत. हे मीठ शुद्ध करून पुन्हा कारखान्यात वापरता यावं यासाठी आता गाळण्या आणि क्रिस्टलायझर बसवले जात आहेत. सोडियम सल्फेट कधी उतरतं, साधं मीठ कधी, आणि घाण बरोबर यायच्या आत उरलेलं पाणी कुठल्या घडीला सोडायचं, हे तिथे शिफ्टचा ऑपरेटर ठरवतो.