पार्श्वभूमी : घरातला कॅमेरा आणि घराबाहेर गेलेले चित्र

९ एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेरा बनवायचा, आयात करायचा किंवा विकायचा असेल, तर त्याची माहिती-सुरक्षेची चाचणी सरकारमान्य प्रयोगशाळेत झालेली असावी लागते. सक्तीची नोंदणी त्याआधीही होती, पण ती विजेचा धक्का आणि आग यांपुरती. कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्रॅम कोणी लिहिला, तो रात्री-अपरात्री कोणत्या सर्व्हरशी बोलतो, हे विक्रीच्या आधी कोणी तपासत नव्हते. ही तपासणी इतकी उशिरा का आली आणि तिच्यावरून एवढा वाद का झाला, हे समजायला भिंग आणि मेगापिक्सेल बाजूला ठेवून चित्राचा रस्ता बघावा लागतो. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र आधी तारेत राहिले, मग डब्यात, मग राउटर ओलांडून बाहेर पडले. प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली आणि चित्रावरचा घरमालकाचा ताबा कमी झाला.

फार मागचे थोडक्यात. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे रॉकेटचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी बंदिस्त तारेवरचा कॅमेरा वापरला गेला. घरासाठी ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या एका कृष्णवर्णीय परिचारिकेने. पोलीस वेळेवर येत नाहीत आणि आपल्या कामाच्या वेळा अडनिड्या, म्हणून तिने इलेक्ट्रॉनिक्सची माहिती असलेल्या नवऱ्याच्या मदतीने एक यंत्रणा आखली. दारावर वेगवेगळ्या उंचीची चार छिद्रे, त्यांवरून वर-खाली सरकणारा कॅमेरा, खोलीतल्या पडद्यावर चित्र, बोलण्याची सोय आणि बटण दाबून दार उघडण्याची व्यवस्था. १९६६ मध्ये अर्ज केला, डिसेंबर १९६९ मध्ये पेटंट मिळाले. आजच्या व्हिडिओ डोअरबेलमधली जवळजवळ प्रत्येक सोय त्या कागदावर आहे, आणि चित्र मात्र घरातल्या घरात राहते.

आपल्याकडे कॅमेरा सोसायट्यांमध्ये, दुकानांत आणि मग बंगल्यांत शिरला तो डीव्हीआरच्या, म्हणजे चित्रण डिस्कवर साठवणाऱ्या डब्याच्या, काळात. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मागणीने जोर धरला. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले की चार डोम-बुलेट कॅमेरे, चार चॅनेलचा डीव्हीआर, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय आणि ‘थ्री प्लस वन’ केबलचे बंडल असा पूर्ण संच मिळे. या केबलमध्ये चित्रासाठी एक कोअॅक्स, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी तार, आणि वीज व आवाजासाठी तीन बारीक तारा एकत्र असत. एका टोकाला बीएनसी हा फिरवून बसवायचा जोड, दुसऱ्या टोकाला तोच. कॅमेऱ्याची गुणवत्ता ‘टीव्हीएल’मध्ये, म्हणजे पडद्यावर वेगळ्या ओळखू येणाऱ्या रेषांत, मोजली जाई आणि सातशे टीव्हीएलचा कॅमेरा भारीतला समजला जाई. चोराचा चेहरा त्यातही ओळखू येत नसे, हा भाग वेगळा.

जगाच्या बाजारात नेटवर्क कॅमेरा १९९६ मध्येच आला होता. तो सेकंदाला जेमतेम एक छोटे चित्र देई. युरोप-अमेरिका हळूहळू त्या वाटेने गेली. भारतात मात्र जुनी वायर बराच काळ टिकली. त्याचे कारण २०१२ ते २०१४ च्या सुमाराला चीन आणि कोरियातून आलेले नवे तंत्र, ज्यात त्याच कोअॅक्सवरून एचडी चित्र काहीशे मीटर जाऊ लागले. भिंत फोडायची नाही, वायर बदलायची नाही, फक्त कॅमेरा आणि डीव्हीआर बदलायचा. मराठी घरात नवीन खर्चाला जो पहिला प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर या तंत्राकडे तयार होते.

चित्र साठवण्याचा हिशेब मात्र सगळीकडे सारखाच. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट. या वेगाने एक टीबीची घरगुती डिस्क दोन तासांच्या आत भरते. २००३ मध्ये ठरलेल्या एच.२६४ या पद्धतीने हे काम सोपे केले. एका चित्रातून दुसऱ्यात जे बदलले तेवढेच लिहायचे, बाकीचे ‘मागच्यासारखेच’. त्यामुळे तोच प्रवाह सेकंदाला सुमारे ४० लाख बिटांत बसतो. तरीही एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी भरतो. चार कॅमेरे लावले की एक टीबीची डिस्क सहाव्या दिवशी संपते आणि सर्वांत जुने चित्रण पुसून नव्याला जागा केली जाते. २०१३ च्या एच.२६५ ने हा अवधी साधारण दुप्पट केला. ‘गेल्या महिन्यातले फुटेज द्या’ म्हणून येणाऱ्यांना नकार मिळतो, त्यात लपवाछपवी असतेच असे नाही. बहुतेक वेळा डिस्क फिरून आलेली असते.

आता रस्त्याकडे. डीव्हीआर घरात आहे आणि मालक ऑफिसात बसून घर बघू म्हणतो. यासाठी बसवणारा माणूस राउटरमध्ये शिरून पोर्ट उघडून देई. म्हणजे इंटरनेटवरून त्या पत्त्यावर येणारी हाक थेट डीव्हीआरपर्यंत पोचू द्यायची. ब्राउझरही ठरावीकच लागे आणि त्यात एक प्लगइन टाकावे लागे. डीव्हीआरमध्ये शिरण्याचे नाव ‘अॅडमिन’ आणि पासवर्ड १२३४५ किंवा सहा वेळा आठ. तो बदलला जात नसे, कारण सहा महिन्यांनी तक्रार आली की मालकाला पासवर्ड आठवत नाही आणि कारागिराची फेरी फुकट जाते. यात कोणाची वाईट भावना नव्हती. पण त्यामुळे जगभरात लाखो डीव्हीआर आणि कॅमेरे दार सताड उघडे ठेवून बसले.

त्याची किंमत २०१६ मध्ये कळली. ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर असे डबे शोधत फिरे आणि साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून बघे. त्यांतली एक जोडी तर एका चिनी कारखान्याने सर्किटबरोबरच्या प्रोग्रॅममध्येच कोरलेली होती. त्या कारखान्याचे सुटे भाग अनेक ब्रँडच्या डब्यांत जात. मालकाने पडद्यावर दिसणारा पासवर्ड बदलला तरी आतला तसाच राही. हाती लागलेल्या या यंत्रांनी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या एका सेवेवर एकाच वेळी मारा केला आणि अनेक बड्या वेबसाइट काही तास दिसेनाशा झाल्या. हे करणारा प्रोग्रॅम लिहिणारी मुले कोणत्याही देशाची हेर नव्हती. गेमिंग सर्व्हरच्या धंद्यातली चढाओढ हे त्यामागचे मूळ कारण होते.

तोवर पोर्ट उघडण्याची पद्धत तशीही मोडीत निघत होती. मोबाइल डेटा स्वस्त झाला, सप्टेंबर २०१६ नंतर तर फारच, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या शेकडो ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देऊ लागल्या. तुमच्या घराला स्वतःचा पत्ताच नसेल, तर बाहेरून हाक कोणाला मारणार? म्हणून उलटी व्यवस्था आली. कॅमेऱ्याच्या पोटावर क्यूआर कोडचा स्टिकर असतो, त्यात त्या नगाचा क्रमांक. वीज मिळाली की कॅमेरा स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, ‘अमुक क्रमांक, मी इथे आहे.’ फोनमधले अॅप त्याच सर्व्हरला तो क्रमांक विचारते. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो आणि जमले तर बाजूला होतो. नाही जमले तर सगळे चित्र त्याच्यातूनच जाते. बाजारात याला ‘पीटूपी’ म्हणतात. दुकानदार त्याचा अर्थ ‘क्लाउड’ असा सांगतो आणि ग्राहक ‘आपल्या मोबाइलवर येते’ एवढेच समजतो. चित्र थेट येते आहे की तिसऱ्याच्या यंत्रातून, हे अॅपमध्ये सहसा कुठे दिसत नाही.

या व्यवस्थेत दार उघडे राहिले नाही, पण किल्ल्या एका ठिकाणी जमा झाल्या. २०१९ मध्ये अशा एका पीटूपी प्रणालीतले क्रमांक अंदाजाने काढता येतात, असे दिसून आले. वीस लाखांहून जास्त उपकरणे त्यात सापडली. २०२१ मध्ये तैवानच्या एका पुरवठादाराच्या प्रणालीत गंभीर भोक निघाले. ती प्रणाली आपण ८ कोटी ३० लाख उपकरणांत असल्याचे त्या पुरवठादाराचेच म्हणणे होते. ज्यांच्या घरी ते कॅमेरे होते, त्यांनी त्या पुरवठादाराचे नावही ऐकलेले नसणार, कारण खोक्यावर ब्रँड वेगळा असतो.

वायफाय कॅमेरे, मेमरी कार्ड आणि महिन्याची वर्गणी हा त्यानंतरचा टप्पा. तो वाचकांच्या रोजच्या वापरातला आहे. त्यातली एकच प्रगती सांगण्यासारखी. पूर्वी हालचाल ओळखणे म्हणजे चित्राचे चौकोन पाडून किती चौकोन बदलले ते मोजणे. संध्याकाळी अंधारले की कॅमेऱ्यातून ‘टक्’ आवाज येतो. भिंगामागची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला होते आणि भोवतीचे दिवे लागतात. त्या उबदार दिव्यांपाशी कोळी जाळे विणतो, भिंगासमोर किडे उडतात, आणि चौकोन मोजणाऱ्या कॅमेऱ्याला पावसाळ्याच्या रात्री दर दोन मिनिटांनी चोर दिसतो. लाखो चित्रांवर शिकवलेले मॉडेल आता कॅमेऱ्याच्या चिपवरच चालते आणि माणूस, मांजर, गाडी यांत फरक करते. ही ओळख घरातल्या घरात होऊ शकते, त्यासाठी चित्र बाहेर पाठवण्याची गरज उरलेली नाही. तरीही अनेक कंपन्या ते पाठवायला लावतात, कारण वर्गणी त्यावर चालते. २०२३ मध्ये एका अमेरिकी डोअरबेल कंपनीने तिथल्या संघीय व्यापार आयोगाशी ५८ लाख डॉलरवर प्रकरण मिटवले. आरोप होता की कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातली खासगी चित्रणे बघता येत होती आणि त्यांतल्या एकाने ती बघितलीही.

आपल्याकडचा निर्णय या सगळ्याच्या पाठीवर आला. २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की सरकारी संस्थांत सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांचे चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. अधिसूचना निघाली ९ एप्रिल २०२४ रोजी. आधी सहा महिन्यांची मुदत होती, ती आणखी सहा महिन्यांनी वाढली. अटी बारकाईने लिहिलेल्या आहेत. सर्किटवरची दुरुस्तीची जोडणी बंद किंवा मजबूत पासवर्डमागे हवी. प्रत्येक नगाची गुप्त किल्ली वेगळी हवी. उत्पादकाची डिजिटल सही नसलेला प्रोग्रॅम कॅमेऱ्याने सुरू करू नये. मुख्य चिप कोणत्या देशातून आली ते सांगावे. आणि मूळ प्रोग्रॅम, म्हणजे सोर्स कोड, तपासणीसाठी प्रयोगशाळेला द्यावा.

भांडण झाले ते या शेवटच्या अटीवर. कंपन्यांचे म्हणणे : कोड हीच आमची पुंजी, ती परक्या सरकारच्या हाती का द्यावी, प्रयोगशाळा मोजक्या, रांग लांब, कारखान्याची तपासणी वेगळी. चिनीच नव्हे, कोरियन आणि अमेरिकी उत्पादकांनीही आणखी मुदत मागितली, ती मिळाली नाही. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. रांगेचा फटका सर्वांत आधी लहान जोडणीदाराला बसतो. तो बाहेरून सर्किट आणून इथे खोक्यात बसवतो आणि कोड त्याच्याकडे नसतोच. तरीही अट योग्य आहे असे माझे मत आहे. मिराईला सापडलेला पासवर्ड कोडमध्येच होता. बाहेरून कितीही ठोकून पाहिले तरी अशी गोष्ट दिसेलच याची खात्री नसते. ज्या यंत्राचे भिंग बेडरूमच्या दाराकडे असते, त्याच्या बाबतीत उत्पादकाच्या शब्दावर विसंबता येत नाही.

खरी उणीव दुसरीकडे आहे. तपासणी उपकरणाची आहे. चित्र ज्या सर्व्हरवर जाऊन पडते, त्या सर्व्हरची नाही. आणि ती नव्या मालाला लागू आहे. भिंतीवर आधीच लावलेले कॅमेरे जसे होते तसेच आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या स्त्रियांच्या तपासणीची चित्रणे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. तिथे कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नव्हता, असे तपासात पुढे आले. म्हणजे २०१६ चाच दोष.

चित्र कोणाचे, हा प्रश्न न्यायालयांत वेगळ्या वाटेने आला. युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये एका चेक घरमालकाच्या प्रकरणात ठरवले की घराचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल, तर तो निव्वळ घरगुती वापर उरत नाही. त्या माणसाच्या खिडक्या खरोखर फोडल्या गेल्या होत्या आणि संशयित कॅमेऱ्यात सापडलेही होते. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीचा खासगी किंवा घरगुती वापर सरसकट वगळला आहे. शेजाऱ्याच्या दारावर रोखलेला कॅमेरा त्यात कुठे बसतो, याचे उत्तर कायद्याच्या मजकुरातून मिळत नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये खासगीपणाच्या मूलभूत हक्काच्या आधारे सांगितले की एकत्र राहत्या घरात सहरहिवाशांच्या संमतीविना आतल्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप केला नाही.

माहिती संरक्षण कायद्यातली सवलत मात्र व्यक्तीला आहे, संस्थेला नाही. त्यामुळे वॉचमनच्या केबिनमधला सोळा चॅनेलचा डीव्हीआर ज्या गृहनिर्माण सोसायटीचा असतो, तिला कायदा लागू पडतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती का गोळा करतो ते सांगणे, ती जपणे, गळती झाल्यास कळवणे ही मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील. तोवर फुटेज कोणाला दाखवायचे हे बहुतेक सोसायट्यांत सेक्रेटरी ठरवतो, आणि डीव्हीआरचा पासवर्ड तो बसवून गेलेल्या माणसाकडे असतो.