सक्युलंटची नवी रोपे आणि कुंडीबदल: घरी करताना

आमच्याकडून नेलेले सक्युलंट रुजून कुंडी भरू लागले की दोन प्रश्न हमखास येतात: मोठ्या कुंडीत कधी हलवायचे, आणि यापासून आणखी रोपे कशी करायची? दोन्ही कामे घरी नीट होतात. बिघडतात ती बहुतेक वेळा पाण्याच्या घाईने. या झाडांच्या जाड पानांत आणि खोडात पाण्याचा साठा असतो. त्यातल्या बऱ्याच जातींची पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे उन्हात पाणी फारसे उडून जात नाही. म्हणूनच मुळे नसलेले नुसते पानसुद्धा कित्येक आठवडे कोरडे राहून तगते. ओल्या मातीत टेकलेली ताजी जखम मात्र काही दिवसांत सडते.

पानापासून रोप

एचेव्हेरिया, ग्राप्टोपेटालम, सेडम आणि जेड यांच्या पानातून रोप तयार होते. खोडाच्या खालच्या बाजूचे भरलेले, निरोगी पान निवडा. चिमटीत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे ते बुडापासून अख्खे सुटते. इथे कात्री चालवू नका. कोंब पानाच्या अगदी बुडाशी फुटतो. तो भाग खोडावरच राहिला, तर पानाला मुळे फुटली तरी रोप होत नाही.

पान सावलीत तीन ते पाच दिवस ठेवा. जखमेवर कोरडी खपली धरली की ते मातीवर आडवे ठेवून द्या, खोचू नका. भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन नको. साधारण दोन ते चार आठवड्यांत बुडाशी गुलाबी-पांढरी मुळे दिसतात. कधी मुळांच्या आधी कोंबच येतो, तेही ठीक आहे. मुळे दिसल्यावर त्यांच्यावर माती भुरभुरा आणि तेव्हापासून हलके पाणी शिंपडा. मूळ पान सुरकुतत जाईल. नवे रोप त्याच्यातलेच पाणी पीत असते, म्हणून ते ओढून काढू नका; पूर्ण वाळले की आपोआप गळते. सगळीच पाने रुजत नाहीत, तेव्हा एका वेळी पाच-सहा तरी मांडावीत.

प्रत्येक जातीला हा मार्ग लागू पडत नाही. कोरफडीचे पान कितीही जपले तरी सडते. तिची बुंध्याशी आलेली पिल्लेच वेगळी करा. हॉवर्थियालाही पिल्लेच बरी. पिल्लाला स्वतःची मुळे आली आहेत का ते पाहून मगच तोडा. पानफुटीच्या पानाच्या कडेवर रोपे आपोआप येतात. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे रुजतात, पण खालची बाजू खालीच राहायला हवी, तेवढी खूण करून ठेवा. त्याच्या पिवळ्या काठाच्या जातीचे पान लावले तर नवे रोप साधे हिरवे येते. पिवळा काठ हवा असेल तर कंदच विभागावा लागतो.

उंच, लांबुडके झालेले झाड

उजेड कमी पडला की खोड ताणले जाते आणि पाने विरळ होतात. नंतर उन्हात ठेवले तरी ताणलेले खोड आखूड होत नाही. अशा वेळी स्वच्छ, धारदार सुरीने शेंडा छाटावा. छाट आठवडाभर सुकवून कोरड्या मातीत लावा आणि आणखी काही दिवसांनी पाणी द्या. उरलेले खोड फेकू नका, त्यावर थोडी पाने ठेवा. तिथून बहुधा एकाहून अधिक फुटवे येतात. युफोर्बिया छाटताना हातमोजे घालाच. त्याचा पांढरा चीक त्वचेची आग करतो आणि डोळ्याला फार घातक असतो. चीक लागल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि डोळ्यात गेल्यास धुऊन डॉक्टरांना दाखवा.

माती आणि कुंडी

निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व चांगले कुजलेले खत आणि निम्मे भरड साहित्य, असे मिश्रण घरासाठी पुरेसे आहे. भरड म्हणजे परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), जाडी वाळू किंवा तीन ते पाच मिलिमीटरचे विटांचे तुकडे. बारीक वाळू नको, ती मातीतल्या पोकळ्या बुजवते. समुद्राची वाळू मिठामुळे नको.

तळाशी खडीचा थर देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. बारीक मिश्रणातले पाणी खडीत सहज उतरत नाही. ते थराच्या वरच अडकते आणि ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. भोक नसलेली कुंडी कितीही सुंदर असली तरी वापरू नका.

कुंडी बदलताना

तळातून मुळे डोकावू लागली, किंवा दोनेक वर्षे झाली, की बदला. झाड वाढीला लागते तो काळ उत्तम. फुलोऱ्यात किंवा कडक उन्हाळ्यात टाळा. नवी कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच जास्त रुंद घ्या. फार मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओली राहते.

कुंडी कोरडी असतानाच झाड काढा. जुनी माती झटका, काळी-मऊ मुळे कापा. मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती पिठ्या ढेकूण ही कीड असू शकते. मुळे धुऊन पूर्ण सुकवा आणि जुनी माती टाकून द्या. पानांवर पांढरी भुकटी असलेल्या जाती बुंध्याला धरूनच हाताळा. भुकटी पुसली तर त्या पानावर पुन्हा धरत नाही.

लावल्यावर आठवडाभर पाणी नको, तुटलेल्या मुळांच्या जखमा भरू द्या. मग तळातून निथळेपर्यंत एकदाच भरपूर द्या. पुढचे पाणी माती तळापर्यंत सुकल्यावरच. लाकडी काडी खोचून पाहा, कोरडी निघाली तर द्या. पहिला महिना खत नाही.

नंतरच्या आठवड्यांत खालची पाने सुरकुतली तर काळजी नको, पाणी मिळाले की बहुधा भरतात. पाने पिवळट, पारदर्शक आणि लिबलिबीत झाली तर सड लागली आहे. आत कुठेही तपकिरी डाग न दिसेपर्यंत खोड खालून वरच्या दिशेने थोडे थोडे कापत जा आणि निरोगी शेंडा वर सांगितल्याप्रमाणे सुकवून लावा. नक्की काय झाले ते कळत नसेल, तर पाणी बंद ठेवून झाड कुंडीसकट आमच्याकडे घेऊन या.