वाळ्याच्या ताटीतून आलेला कूलर

मार्च संपत आला की नागपूरच्या गल्ल्यांतून पत्र्यावर ठोकल्याचे आवाज यायला लागतात. माळ्यावरचे, गच्चीवरचे कूलर खाली उतरलेले असतात. कुणी टाकीचं गळणारं बूड एम-सीलने लिंपतंय, कुणी जुनं गवत उपसून काढतंय, कुणी मोटारीत तेल सोडतंय. ही वस्तू आपल्याला इतकी घरची झाली आहे की तिलाही काही इतिहास असेल, हे डोक्यात येत नाही. खरं तर त्या डब्यातली मूळ युक्ती निदान सव्वाचारशे वर्षं जुनी आहे. तेव्हापासून बदललं ते एवढंच, की पाणी कोण शिंपतो आणि वारा कोण ओढतो.

युक्ती माठाचीच. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता नेतं, म्हणजे विजेच्या हिशेबात पाऊण युनिटाच्या जरा खाली. पण पाणी उडायला हवा कोरडी लागते, आणि नागपूरचं भाग्य म्हणा की भोग, इथे मे महिन्याची दुपार अगदी सुकी असते. बाहेर 45 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या ताटीतून, म्हणजे गवत भरून भिजवलेल्या चौकटीतून, आत येणारा वारा 28 अंशांच्या आसपास उतरू शकतो. मुंबईच्या पाहुण्याला हे पटत नाही, कारण त्याच्याकडे हाच डबा नुसती चिकचिक वाढवतो.

या ताटीचा जुना उल्लेख अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सापडतो. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं भरायची, वरून पाणी शिंपायचं, की भर उन्हाळ्यात आत हिवाळा. आणि याचं श्रेय तो अकबराला देतो. दरबारी लेखकाने श्रेय बादशहाला द्यावं यात नवल नाही. गवताच्या मुळांवर पाणी मारायला बादशहाच लागतो असं काही नाही. पण वाळा निवडण्यात शहाणपण होतं: मुळं बारीक, गुंतलेली, पाणी धरून ठेवणारी, आणि वर तो वास.

या ताटीची अडचण एकच, वारा पडला की ती मुकी. त्यावर इंग्रजांच्या बंगल्यांत 1830 च्या सुमारास ‘थर्मॅन्टिडोट’ नावाचं धूड आलं. मोठी लाकडी पेटी, तिच्या बाजूंना ओल्या ताट्या, आत धान्य पाखडायच्या यंत्रासारखी पाती, आणि ती फिरवायला बाहेर उन्हात उभा केलेला माणूस. म्हणजे आजचा कूलरच, फक्त मोटारीच्या जागी घाम गाळणारा गडी. साहेबांना एवढ्यानेही भागत नसे. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, पण उन्हाळ्यात सरकार पचमढीला जाई.

कोरड्या हवेचा जाच माणसांनाच होता असं नाही. 1877 साली नागपुरात सुरू झालेल्या जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलमध्ये आर्द्रता राखणारी यंत्रं बसली ती सुतासाठी, कारण कोरड्या हवेत कापसाचा धागा पटापट तुटतो. कामगारांना त्यातून गारवा मिळाला की नुसती वाफ, हा वेगळा विषय.

विजेचा पंखा अमेरिकेत 1880 च्या दशकात तयार झाला, पण पंखा, पंप आणि ओली ताटी यांचं लग्न लागलं ते अमेरिकेतल्याच ॲरिझोनाच्या वाळवंटात, 1930 च्या दशकात. आपण आजही ‘डेझर्ट कूलर’ म्हणतो, ते उगीच नाही. तिथे वाळा नव्हता, म्हणून ॲस्पेनच्या लाकडाचे लांब, बारीक, कुरळे तासे ताटीत भरले. तेच आपलं वुडवूल. दुकानात मात्र ‘कूलरचं गवत द्या’ असंच मागायचं.

आपल्याकडे हा डबा रुळला तो गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याच्या हातून. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, चौथीला पंखा, तळात टाकी आणि त्यात बुडवलेला छोटा पंप. खिडकीबाहेर अँगलच्या स्टँडवर बसवला की झालं. बिघडलं तर कुणालाही उघडता येतं, हे त्याचं मोठेपण. दुखणंही त्यातच आहे: पाणी, वीज आणि पत्रा एकाच डब्यात. अर्थिंग नसलेल्या कूलरला ओल्या हाताने शिवल्यावर बसणारा झटका आम्ही लहानपणी गमतीचा समजायचो. दर उन्हाळ्यात त्याने माणसं दगावतात, हे पुढे वर्तमानपत्र वाचायला लागल्यावर कळलं.

प्लास्टिकच्या पेटीने तो धोका बराच कमी केला. अहमदाबादच्या सिम्फनी कंपनीने 1988 पासून कूलरला दिवाणखान्यात ठेवण्याजोगं रूप दिलं. मग गवताच्या जागी मधाच्या पोळ्यासारखी कागदी हनीकोम्ब ताटी आली. गवत एका हंगामात कुजून बसतं, ही दोन-तीन उन्हाळे काढते. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरा थर चढतो आणि वारा अडतो. गारवा तिचा चांगला, पण वास नाही. म्हणून टाकीत वाळ्याची जुडी टाकणारी घरं अजून आहेत.

एसी वाढले, तरी दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट ओढतो आणि कूलर दोनशेच्या आसपास. बिल भरणाऱ्याला दुसरं कारण लागत नाही. पाण्याचं मात्र तसं नाही. मोठा कूलर तासाला काही लिटर सहज पितो, आणि नळ संध्याकाळी येत असेल तर जेवणाआधी पाइप लावून टाकी भरणं हे घरातल्या कुणाचं तरी ठरलेलं काम असतं. शिंपणारा गडी गेला, भरणारा राहिला.

जूनच्या मध्यात पाऊस लागला की हवा ओली होते आणि हाच कूलर अंगाला चिकटणारा वारा फेकू लागतो. लोक बटण बंद करतात, टाकी उपसायची राहून जाते. त्या स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात डेंगीचे डास अंडी घालतात. मग महापालिकेची माणसं घरोघरी येतात, टॉर्च मारून टाकीत अळ्या शोधतात आणि पाणी अंगणात ओतायला लावतात.