निर्यात-आयात मालाची इलेक्ट्रॉनिक नोंद (मराठवाडा)

देशाबाहेर जाणाऱ्या आणि देशात येणाऱ्या मालाचा तपशील सीमाशुल्क खात्याच्या संगणक प्रणालीत भरण्याची कायदेशीर पद्धत. निर्यातीसाठी ‘शिपिंग बिल’ आणि आयातीसाठी ‘बिल ऑफ एंट्री’ ही यातली दोन मुख्य कागदपत्रे. कागदपत्रे म्हणायची ती सवयीने. आता ती ‘आइसगेट’ या सरकारी पोर्टलवरून दाखल होतात. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधील कलम ४६ आयातीला आणि कलम ५० निर्यातीला लागू होते. संगणकीय नोंदीचा पहिला प्रयोग १९९५ मध्ये दिल्लीत झाला. सध्याच्या कागदविरहित पद्धतीचे विनियम आयातीसाठी २०१८ मध्ये आणि निर्यातीसाठी २०१९ मध्ये आले. बीजक, पॅकिंग लिस्ट वगैरे जोडपत्रे ‘ई-संचित’ या ऑनलाइन सोयीवर चढवली जातात.

मराठवाड्याला समुद्र नाही. इथला माल बहुतांशी रायगड जिल्ह्यातल्या न्हावाशेवा बंदरातून जहाजावर चढतो. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि माळीवाडा येथे कंटेनर डेपो झाले, जालन्याच्या ड्राय पोर्टची (समुद्रापासून दूर, जमिनीवरच्या बंदराची) पायाभरणी २०१५ मध्ये झाली. तरी बंदर ते बंदरच. बंदरनिहाय आकडे पाहिले तर परभणीची सरकी, जालन्याची मोसंबी, वाळूजचे वाहनांचे सुटे भाग बहुतांशी न्हावाशेव्याच्या खात्यात दिसतात. माल कुठून आला हे बंदर सांगत नाही.

त्यामुळे या भागाच्या दृष्टीने शिपिंग बिलातला महत्त्वाचा रकाना म्हणजे मूळ जिल्ह्याचा. १५ फेब्रुवारी २०२० पासून निर्यातीच्या मालाचे मूळ राज्य आणि मूळ जिल्हा लिहिणे बंधनकारक झाले. कोणत्या व्यापार कराराची सवलत घेणार आहात, हेही त्याच वेळी विचारले जाऊ लागले. रकाना छोटा, पण चुकण्याची शक्यता मोठी. समजा, नवी मुंबईतल्या वाशीच्या व्यापाऱ्याने हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद घेतली. त्याचा आयात-निर्यात संकेतांक, बीजक, गोदाम सगळे वाशीचे. सीएचएने (व्यापाऱ्याच्या वतीने सीमाशुल्काची कागदपत्रे भरणारा परवानाधारक; परवान्यावर हल्ली ‘कस्टम्स ब्रोकर’ असते, बोलण्यात अजून सीएचएच) बीजकावरचा पत्ता पाहून जिल्हा टाकला, की वसमतची हळद ठाणे जिल्ह्यात पिकली असे सरकारदरबारी नोंदले जाते. या चुकीने व्यापाऱ्याचा एक रुपयाही बुडत नाही. म्हणूनच ती कुणी तपासत नाही आणि नुकसान होते ते जिल्ह्याच्या हिशोबाचे.

वजनमापाचीही अशीच गंमत. जिनिंगवाला रुईचा भाव खंडीत (३५६ किलो) बोलतो, माल गाठीत (सुमारे १७० किलोची एक) मोजतो, आणि कापूस मात्र त्याने क्विंटलने घेतलेला असतो. शिपिंग बिलात रुई किलोतच लिहावी लागते. वस्तूचा संकेतांक आठ अंकी असतो. त्यातले पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे दोन भारताचे. वाळलेली हळद ०९१०३०२० आणि हळद पूड ०९१०३०३०. फरक एका अंकाचा, पण पुढची सगळी आकडेवारी त्यावरच उभी राहते.

दाखल करण्याआधी सीएचए निर्यातदाराला ‘चेकलिस्ट’ म्हणजे भरलेल्या माहितीचा मसुदा पाठवतो. ती नीट वाचणे हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त उपाय, कारण माहिती खरी असल्याची हमी निर्यातदाराची असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तपासणीनंतर ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ म्हणजे माल पाठवण्याची परवानगी मिळते आणि जहाज कंपनी ‘ईजीएम’ म्हणजे निर्यात मालाची यादी दाखल करते. कर भरून माल पाठवला असेल, तर शिपिंग बिल हाच एकात्मिक जीएसटीच्या परताव्याचा अर्ज मानला जातो. त्यातला बीजक क्रमांक जीएसटी विवरणपत्रातल्या क्रमांकाशी जुळला नाही, की परतावा अडकतो. जिल्ह्याच्या रकान्याकडे दुर्लक्ष करणारे हा क्रमांक मात्र दोनदा तपासतात! पैसे आले की नाही हे रिझर्व्ह बँकेच्या ‘ईडीपीएमएस’ प्रणालीत २०१४ पासून बँकांमार्फत पाहिले जाते.

आयातीत घाई जास्त. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचे बिल ऑफ एंट्री सामान्यतः जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावे लागते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये आकार पडतो.

सीमाशुल्क खात्याकडून ही माहिती कोलकात्याच्या वाणिज्यिक गुप्तवार्ता व सांख्यिकी महासंचालनालयाकडे जाते आणि तिथे देशाची व्यापार आकडेवारी तयार होते. प्रसिद्ध होतात ते एकत्रित आकडे. कोणी, काय, किती भावाने पाठवले हा तपशील कायद्याने परवानगी नसताना प्रसिद्ध करणे हा २०२२ मध्ये घातलेल्या कलम १३५एए नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.