समुद्र मोठा हवा की अनोळखी?

चाचेगिरीच्या ऑनलाइन गेममध्ये आणखी काय हवं, असं खेळणाऱ्यांना विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: नकाशा मोठा करा. आणखी बेटं टाका, एखादा बर्फाळ समुद्र द्या, नकाशाच्या कडेपलीकडे काहीतरी असू द्या. मागणी असते शोधाची आणि उपाय सुचवला जातो क्षेत्रफळाचा. दोन्ही एकच वाटतात, कारण नवी जागा आली की पहिले काही दिवस तिथलं खरोखरच कुणाला काही माहीत नसतं. ते दिवस सरले की फरक उघडा पडतो. बेटाचा शोध एकदाच लागतो. त्यानंतर तिथे जाणं म्हणजे विरारहून चर्चगेटला जाणं.

'सी ऑफ थीव्ज'चं उदाहरण घेऊ, कारण या गेमनं दोन्ही प्रकार करून पाहिलेत. 'रेअर' या ब्रिटिश स्टुडिओनं तो २० मार्च २०१८ रोजी आणला. नकाशा २६ बाय २६ चौकटींचा आणि त्यात सुरुवातीला तीन प्रदेश होते: शोअर्स ऑफ प्लेंटी, एन्शंट आयल्स आणि वाइल्ड्स. हा नकाशा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत नाही. तो जहाजातल्या टेबलावर पसरलेला असतो. सुकाणू धरणाऱ्याला तो पाहायचा तर सुकाणू सोडून जावं लागतं. चौघांनी चालवायच्या गॅलिअन या मोठ्या जहाजावर शिडं पूर्ण सोडली की सुकाणूवरून समोरचंही धड दिसत नाही; मग एकानं नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, किंवा नकाशापाशी उभं राहून "डावीकडे घे, अजून, बास बास" असं ओरडायचं. खजिन्याच्या नकाशावर बेटाचा आकार आणि लाल फुली असते, नाव मात्र नसतं. तो आकार मोठ्या नकाशात हुडकायचा आणि मग निघायचं.

शोधाचं हे उत्तम सामान आहे आणि त्यासाठी एकही जादा बेट लागलेलं नाही. अडचण एवढीच की आकार ठरलेले आहेत. नियमित खेळणारा काही आठवड्यांत फुली असलेला कागद उघडताच "अरे, हे तर क्रुक्स हॉलो" म्हणतो आणि टेबलाकडे न बघता जहाज वळवतो. तोवर उरलेली सगळी माहिती इंटरनेटवरच्या परस्परसंवादी नकाशांवर आलेली असते.

सप्टेंबर २०१८ मध्ये चौथा प्रदेश आला, डेव्हिल्स रोअर. ज्वालामुखी, भूकंप, अंगाला चटके देणारं पाणी, आणि या सगळ्याच्या बदल्यात इनाम जास्त. नुसती जमीन वाढवली असं रेअरबद्दल म्हणता येणार नाही, कारण इथे नियमही वेगळे होते. बेटावर खणत असताना मागे नांगरलेलं जहाज ज्वालामुखीच्या दगडांनी बुडू शकतं, म्हणून ते दूर ठेवून वल्ह्याच्या होडीनं किनारा गाठायचा. ती होडीही याच भरीबरोबर, म्हणजे अपडेटबरोबर, गेममध्ये आली. तरीही कितीतरी खेळाडू तिकडे फिरकत नाहीत. पैसे जास्त, पण डोकेदुखीही जास्त, हे एक कारण. दुसरं कारण नकाशा वाढवा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. एका सर्व्हरवर, म्हणजे एकमेकांना भेटू शकणाऱ्या खेळाडूंच्या एका समुद्रात, जहाजं असतात जेमतेम पाच-सहा. तीन प्रदेशांचे चार झाले, जहाजं मात्र तेवढीच. चाचेगिरीच्या गेममध्ये क्षितिजावर दिसणारं अनोळखी शीड हाच सगळ्यात मोठा शोध असतो: हे कोण, मित्र की लुटारू, आपल्याकडे वळतंय की नाही? समुद्र पातळ केला की हे शीड दिसणंच कमी होतं. नकाशा वाढवून शोध घटला, असं होऊ शकतं.

क्षेत्रफळाची कमाल पाहायची तर समुद्र सोडून अवकाशात जावं लागेल. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये २ चा ६४ वा घात इतके ग्रह आहेत, म्हणजे १८ अब्ज अब्जांहून जास्त. एका माणसाच्या आयुष्यात त्यातला कणही पाहून होणार नाही. तरी पहिल्याच महिन्यांत तक्रार आली की विसावा ग्रह पाचव्यासारखाच आहे. पुढे गेम सावरला, तो तळ बांधणं, एकत्र खेळणं अशा गोष्टी आल्यावर. ग्रहांची संख्या तर पहिल्या दिवसापासूनच तेवढी होती.

दुसऱ्या बाजूची दोन उदाहरणं मला जास्त कामाची वाटतात. पहिलं अगदी साध्या दिसण्याच्या 'पझल पायरेट्स'चं. २००३ सालचा हा गेम. चित्रं कार्टूनछाप, आणि जहाजावरची कामं कोडी सोडवून करायची. तिथे एका बेटावरून दुसऱ्यावर जायला त्या मार्गाचा कागद लागतो. तोच मार्ग पुन्हा पुन्हा केला की दिशादर्शकाला तो पाठ होतो. म्हणजे समुद्राची माहिती ही गेममधली वस्तू आहे: ती कुणाकडे असते, कुणाकडे नसते, आणि ज्याच्याकडे असते त्याला जहाजावर मान असतो. नकाशा लहान असूनही "तुला तिकडची वाट येते का?" हा प्रश्न खरा राहतो.

दुसरं 'ईव्ह ऑनलाइन'चं. तोही अवकाशातला, पण समुद्रावर जसाच्या तसा बसेल असा. मार्च २००९ च्या भरीत तिथे सुमारे अडीच हजार नव्या सूर्यमाला आल्या. क्षेत्रफळाची वाढ म्हणूनही ती मोठीच होती, पण खरी करामत वेगळी होती. या मालांना ठरलेले दरवाजे नाहीत. जाण्यायेण्याच्या वाटा म्हणजे वर्महोल. यंत्रं सोडून ते शोधावे लागतात, आणि ठरावीक वजनाची जहाजं गेली किंवा वेळ संपली की ते बंद होतात. काल ज्या वाटेनं आलात ती आज नसते. इतर भागांत, आसपास कोण आहे याची यादी पडद्यावर दिसते. इथे समोरचा बोलल्याशिवाय तो आहे हेही कळत नाही. आता याची बित्तंबातमी कुणी इंटरनेटवर टाकली तरी उद्या तिचा उपयोग शून्य. गुपित फुटण्याचा प्रश्न त्यांनी गुपित न ठेवताच सोडवला.

मग सगळंच रोज बदलत ठेवायचं का? नाही, आणि इथे बरेच उत्साही प्रस्ताव घसरतात. "दर आठवड्याला बेटं यादृच्छिक जागी हलवा" ही सूचना मी कितीदा तरी वाचली आहे. फासे टाकून हललेल्या बेटाबद्दल काही शिकता येत नाही, आणि जे शिकता येत नाही त्यात तरबेज होता येत नाही. जुना खलाशी आणि काल आलेला पोऱ्या तिथे सारखेच आंधळे. न बदलणारं बेट एकदा शिकून संपतं, फाशांचा समुद्र कधीच शिकता येत नाही. हवं ते या दोहोंच्या मधलं: बदलणारं, पण बदलण्याची रीत असलेलं.

अशी एक गोष्ट खऱ्या समुद्रात फुकट मिळते: भरती-ओहोटी. 'सी ऑफ थीव्ज'च्या लाटा या धंद्यातल्या सर्वांत देखण्या लाटांपैकी आहेत, वादळात होकायंत्र गरगरतं, सुकाणू हातातून निसटतं, पण किनाऱ्यावरचं पाणी चढत-उतरत नाही. ते चढू-उतरू लागलं तर आहे तीच बेटं दुप्पट होतील. ओहोटीला उघडी पडणारी गुहा, भरतीला बुडणारा खडक, फक्त उधाणात गॅलिअन आत जाऊ शकेल अशी खाडी. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे कमजोर भरती, आणि मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावरचा तोंडी हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पाणी रोज वेगळ्या वेळी चढतं, तरी ज्याला रीत माहीत आहे त्याला वेळ सांगता येते. गेमला नेमकं असलंच ज्ञान हवं. वेबसाइटवर तक्ता टाकला तरी तो वाचून सुकाणू धरता यायला हवं, ते कौशल्य उरतंच.

तपशिलात एक गाठ आहे. 'सी ऑफ थीव्ज'चा एक दिवस खऱ्या २४ मिनिटांचा. खऱ्यासारख्या दिवसाला दोन भरत्या ठेवल्या तर दर बारा मिनिटांनी पाणी चढेल आणि ते समुद्रापेक्षा बादलीसारखं वाटेल. पाच गेम-दिवसांत, म्हणजे दोन तासांत, एक पूर्ण फेरी ठेवली तर एका बैठकीत एक भरती आणि एक ओहोटी येते. "आता आत शिरायचं की तासभर थांबायचं" हा निर्णय जहाजावर चौघांत भांडण लावण्याइतका जड होतो. आणि त्या तासाभरात बाहेर दुसरं कुणी दबा धरून बसलं असेल तर?

खोलीकडे जाणारी वाटही रेअरनं चाचपली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये समुद्राच्या तळाशी 'सायरन श्राइन्स' नावाची सहा देवळं आली: खाली बुडी मारायची, आतली कोडी सोडवायची, खजिना वर पाठवायचा. वरची एक चौकटही न वाढवता समुद्राला तळ मिळाला, आणि कल्पना म्हणून ती चौथ्या प्रदेशापेक्षा मला सरस वाटते. पण जागा पुन्हा ठरलेल्या. सहाच्या सहा चौकटी पाठ झाल्या की झालं.

म्हणून माझ्या यादीत भरतीच्या खालोखाल आहे तो स्वतः काढायचा नकाशा. जहाजावरच्या टेबलावरच्या कागदाचा एखादा प्रदेश कोराच ठेवा. जिथून गेलात तिथला किनारा उमटेल, पण खोली उमटणार नाही. ती मोजायला पूर्वीचे खलाशी दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडत आणि शिशाच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरत. वर काढल्यावर चरबीला वाळू चिकटली की चिखल, यावरून तळ कळे. गेममध्ये हे काम एका माणसाला गुंतवणारं आहे, तेही शत्रू जवळ असताना, म्हणून मजेचं. असा पूर्ण केलेला कागद विकता यावा, चोरता यावा, आणि मुद्दाम चुकीचा काढून एखाद्या लोभी टोळीच्या हाती पडेल असा सोडून देता यावा. चाच्यांच्या गेममध्ये खोटा नकाशा नसणं मला कधीच पटलेलं नाही. खडक सरकत नाहीत, पण वाळूचे दांडे सरकतात. काही आठवड्यांनी जुना कागद थोडा चुकीचा ठरला तर नवा काढण्याला किंमत राहते.

नकाशाच्या कडेला लाल पाणी आहे, डेव्हिल्स श्राउड. त्यात शिरलं की जहाज मोडू लागतं. पलीकडे काय आहे हे प्रत्येकाला कधी ना कधी विचारावंसं वाटतं. ती भिंत मागे सरकवा, ही नेहमीची मागणी. त्यापेक्षा तिच्यात अधूनमधून फट पडू दे, वाऱ्याची दिशा आणि वादळाची वाट पाहून जिचा अंदाज बांधता येईल अशी, आणि आत गेलेल्यांना ती मिटायच्या आत परतावं लागू दे. वर्महोलचंच हे खारट रूप. जागा त्यात दहा बेटांपुरती असली तरी चालेल.

खुणांबद्दल थोडंसं. किल्ल्यावर कवटीच्या आकाराचा ढग आला की अख्ख्या नकाशाला कळतं काय चाललंय. लढाई जुळवायला ते ठीक, शोधाला घातक. याउलट पाण्यावर घिरट्या घालणारे सीगल दिसले की खाली बुडालेलं जहाज असेल किंवा नुसती पिंपं तरंगत असतील. जवळ जाईपर्यंत खात्री नाही. दुसऱ्या जातीच्या खुणा वाढवाव्यात, इतकंच.

कामावरून येऊन दोन तास खेळणाऱ्याला मात्र वाट चुकण्यात रस असेलच असं नाही, आणि त्याचं चूक नाही. 'स्कल अँड बोन्स' हा १६ फेब्रुवारी २०२४ ला आलेला युबिसॉफ्टचा गेम घडतो हिंद महासागरात, आणि तिथे एका ठाण्यावरून दुसऱ्यावर चांदी मोजून झटक्यात जाता येतं. समुद्र जिथे नुसतं अंतर आहे तिथे ही सोय योग्यच. माझी हळहळ वेगळी आहे. याच महासागरात शतकानुशतकं शिडाची जहाजं पावसाळ्याच्या सुमारास नैऋत्येच्या आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर विसंबून ये-जा करत आली. वर्षातला काही काळ एक मार्ग उघडा, काही काळ दुसरा, आणि हुकलं तर परक्या बंदरात वारा फिरेपर्यंत मुक्काम. बदलणारं पण रीत असलेलं म्हणतात ते याहून ठसठशीत कुठे सापडेल? असा समुद्र हाती असताना तो अंतर म्हणून वापरायचा आणि मग ते अंतर पैसे घेऊन रद्द करायचं!

'सी ऑफ थीव्ज'पुरतं बोलायचं तर हे सगळं एकदम सर्वत्र लावायची गरज नाही. डेव्हिल्स रोअर आहेच. लोक तिथे तसेही कमी जातात, त्यामुळे कुणाची घडी विस्कटायची भीती नाही, आणि तापल्या पाण्याच्या त्या बेटांना ओहोटीत उघड्या पडणाऱ्या गुहा शोभतीलही. एका मोसमासाठी तेवढ्याच भागाचा कागद कोरा करावा, तेवढ्याच भागात पाणी चढवावं-उतरवावं. ज्यांना भांडण नको त्यांच्यासाठी डिसेंबर २०२३ पासून 'सेफर सीज' हा वेगळा समुद्र आहे, दुसऱ्या टोळ्या नसलेला; शिसं सोडून खोली मोजण्याचा सराव तिथे निवांत करता येईल. पाचवा प्रदेश मागायचा असेल तर तो त्यानंतर मागावा.