डेस्कटॉप प्रोग्रामातला ब्राउझर कंट्रोल: पार्श्वभूमी

ब्राउझर कंट्रोल म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामाच्या खिडकीत वेबपान दाखवणारा तयार घटक. ऑगस्ट १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची तिसरी आवृत्ती आणली. तिच्यातला सर्वांत टिकाऊ बदल वापरणाऱ्याच्या नजरेस पडणारा नव्हता. ब्राउझर म्हणून जो प्रोग्राम सुरू होत असे तो आता जवळपास रिकामा सांगाडा होता. पान आणणे, ते मांडणे आणि दुव्यांवरून मागे-पुढे जाणे ही कामे वेगळ्या डीएलएल (अनेक प्रोग्रामांनी वाटून वापरायच्या) फायलींत काढून ठेवली होती, आणि ‘कॉम’ या घटकपद्धतीमुळे त्या फायली दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामाला वापरता येत होत्या. व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत ‘मायक्रोसॉफ्ट इंटरनेट कंट्रोल्स’ हा घटक निवडला की फॉर्मवर, म्हणजे प्रोग्रामाच्या खिडकीवर, ब्राउझरची चौकट ओढता येई आणि ‘नॅव्हिगेट’ या एका आज्ञेत पान उघडे. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत ट्रायडेंट हे पान मांडणारे नवे इंजिन आले. त्यानंतर पानातला प्रत्येक घटक यजमान (कंट्रोल ज्यात बसवला आहे त्या) प्रोग्रामाला वाचता, बदलता आणि गरज पडल्यास दाबताही येऊ लागला.

या सोयीचे मूळ एका गोष्टीत होते: पान आणि प्रोग्राम एकाच प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रामाला मिळणाऱ्या स्वतंत्र जागेत) राहत होते. पानातल्या रकान्याचे मूल्य हवे असेल तर ते तिथल्या तिथे, त्याच ओळीत मिळे. पानातल्या स्क्रिप्टलाही ‘विंडो.एक्स्टर्नल’मार्फत प्रोग्रामातली फंक्शने थेट बोलावता येत. अमेरिका ऑनलाइनने आपल्या ग्राहकांना दिलेला ब्राउझर, पुढे मॅक्सथॉनसारखे स्वतंत्र नावाने चालणारे ब्राउझर, आउटलुक एक्स्प्रेसमधली पत्रे आणि विंडोजची मदतपुस्तिका या सगळ्यांच्या आत हेच इंजिन होते. त्रासही त्याच घरोब्यातून आला. पान अडकले की प्रोग्राम अडके, आणि इंजिन कोसळले की न जतन केलेली नोंद त्याच्याबरोबर जाई. पान उतरल्याचे कळवणारी ‘डॉक्युमेंटकम्प्लीट’ ही घटना पानातल्या प्रत्येक फ्रेमसाठी (उपपानासाठी) वेगळी येते, हे लक्षात न घेता लिहिलेला कोड अर्धवट उतरलेल्या पानावर काम सुरू करी.

ही रचना न्यायालयापर्यंतही पोचली. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आणि अनेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला. ब्राउझर हा विंडोजचाच भाग आहे आणि तो काढला तर इतर प्रोग्रामही मोडतील, असा कंपनीचा युक्तिवाद होता. प्रोग्रामरच्या दृष्टीने त्यात तथ्य होते, कारण त्या फायलींवर विसंबलेले प्रोग्राम खरोखरच पुष्कळ होते. परंतु ब्राउझरचा आणि विंडोजचा कोड एकाच फायलींत मिसळणे हे मक्तेदारी टिकवण्यासाठी केलेले बेकायदा वर्तन आहे, हा निष्कर्ष अपील न्यायालयानेही २००१ मध्ये कायम ठेवला.

२००५ च्या डॉटनेट २.० या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग-व्यवस्थेत विंडोज फॉर्म्ससाठी (खिडक्या रचण्याच्या साधनसंचासाठी) ‘वेबब्राउझर’ हा वर्ग आला. त्याच्या आत ‘कॉम’वर उभा असलेला तोच जुना अ‍ॅक्टिव्हएक्स घटक होता. म्हणूनच तो एसटीए पद्धतीच्या, म्हणजे कॉम घटकाला एकाच थ्रेडशी (कामाच्या धाग्याशी) बांधणाऱ्या, थ्रेडवरच चालतो आणि पार्श्वभूमीतल्या साध्या थ्रेडवर तयार करायला गेले की अपवाद (चुकीची सूचना) फेकतो.

खरा गोंधळ २००९ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीबरोबर सुरू झाला. जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने असे ठरवले की ब्राउझर नवा असला तरी इतरांच्या प्रोग्रामात बसवलेला कंट्रोल सातव्या आवृत्तीप्रमाणेच वागेल. निर्णय समजण्यासारखा होता, पण त्याची किंमत मोठी होती. संगणकावर अकरावी आवृत्ती असूनही कंट्रोलमध्ये पान २००६ च्या नियमांनी मांडले जाई, आणि तेच पान ब्राउझरमध्ये नीट दिसत असल्यामुळे प्रोग्रामर दोष आपल्याच कोडमध्ये शोधत राही. उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, होता: ‘फीचर_ब्राउझर_एम्युलेशन’ या कळीखाली आपल्या एक्झी (प्रोग्राम सुरू करणाऱ्या) फायलीच्या नावाने अकराव्या आवृत्तीसाठी ११००१ किंवा तत्सम आकडा लिहायचा. नोंद फायलीच्या नावाने होत असल्यामुळे व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहिण्याच्या साधनातून ‘व्हीएसहोस्ट’ नावाने चालणाऱ्या प्रतीसाठी ती पुन्हा करावी लागे. पान आपलेच असेल तर त्यात आवृत्ती सांगणारा एक मेटा टॅग पुरे.

दरम्यान इतरत्र वेगळी वाट रुळत होती. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने पाने वेगळ्या प्रोसेसमध्ये नेली. त्याच वर्षी मार्शल ग्रीनब्लॅट यांनी क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क हा, क्रोमचा खुला पाया असलेले क्रोमियम इतर प्रोग्रामांत बसवण्याचा, प्रकल्प सुरू केला, आणि डॉटनेटमध्ये तो सेफशार्प या जोडघटकामार्फत वापरला जाऊ लागला. अ‍ॅपलने २०१४ मध्ये डब्ल्यूकेवेबव्ह्यू हा आपला कंट्रोल आणून हीच विभागणी स्वीकारली. क्यूटी या प्रोग्राम रचण्याच्या साधनसंचानेही वेबकिट हे इंजिन सोडून क्रोमियम धरले. प्रत्येक प्रोग्रामाबरोबर शंभर मेगाबाइटांहून जास्त वजनाचे इंजिन पाठवायचे आणि त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्याही आपणच पोचवायच्या, हा या वाटेवरचा भार होता. माझ्या मते छोट्या कंपन्यांनी तो बऱ्याचदा पुरेसा विचार न करता उचलला.

एज ब्राउझर क्रोमियमवर नेल्यानंतर मायक्रोसॉफ्टने २०२० च्या अखेरीस वेबव्ह्यू२ हा नवा कंट्रोल स्थिर स्वरूपात दिला. त्याचे इंजिन संगणकावर एकदाच बसते, अनेक प्रोग्रामांना पुरते आणि आपोआप अद्ययावत होते. विंडोज ११ मध्ये ते आधीपासूनच असते. जुन्या इंजिनाची जोखीम पुढच्या वर्षी उघडही झाली: सप्टेंबर २०२१ मध्ये ऑफिसच्या दस्तऐवजांमार्फत एमएसएचटीएमएल, म्हणजे ट्रायडेंटमधल्या त्रुटीचा गैरवापर होत असल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, म्हणजे ज्यांनी इंटरनेट एक्सप्लोरर कधी उघडला नाही तेही त्या टप्प्यात होते. १५ जून २०२२ रोजी तो ब्राउझर निवृत्त झाला, पण त्याचे इंजिन विंडोजमध्ये राहिले.

जुना कंट्रोल काढून नवा बसवणे हे मात्र नाव बदलण्याइतके सोपे ठरत नाही. पान आता दुसऱ्या प्रोसेसमध्ये असल्यामुळे त्यातले काहीही थेट हातात येत नाही. स्क्रिप्ट पाठवायची आणि उत्तर जेसन (मजकुराच्या) स्वरूपात येईपर्यंत असिंक पद्धतीने, म्हणजे बाकीचे काम न अडवता, थांबायचे. जुन्या सवयीने त्या उत्तरासाठी ‘.रिझल्ट’ लिहून मुख्य थ्रेड रोखून धरला, तर उत्तर पोचवण्यासाठी त्याच थ्रेडचे संदेशचक्र (आलेले संदेश एकामागून एक हाताळणारे चक्र) लागत असल्यामुळे प्रोग्राम कायमचा गोठतो. शिवाय नवा कंट्रोल आपली माहिती ठेवण्यासाठी सहसा एक्झी फायलीशेजारीच फोल्डर तयार करू पाहतो. त्यामुळे प्रोग्रामरच्या संगणकावर नीट चाललेला प्रोग्राम ग्राहकाकडे ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसला की लिहिण्याची परवानगी न मिळून पहिल्याच पायरीवर थांबतो, आणि त्या फोल्डरची जागा वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटामध्ये आधीच नेमून द्यावी लागते.